शुक्रवार पेठेतला पडदा

दौंड
सोमवार, २५ जानेवारी १९९९

प्रगती,

काल, रविवार दिनांक २४ जानेवारी १९९९ रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, शुक्रवार पेठेत मंडईच्या मागे असलेल्या तुमच्या ‘हॉटेल निमोणकर, मटण-भाकरी’ या ठिकाणी मला भर हॉलमधून उठवून पडद्यामागे बसवण्यात आलं. मला म्हणजे रंभा रासकर हिला, जी दौंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली आणि जी तुझी सख्खी आत्या आहे. घड्याळ तुमच्याच गल्ल्यामागच्या भिंतीवर होतं, त्यामुळे वेळेबद्दल वाद नको.

आशीर्वाद वगैरे या पत्रात नाहीत. योग्य उत्तर आलं की बघू.

सहा वर्षं आपण बोललो नाही, मग मी तिथे आलेच कशाला, असं तुला वाटेल. वाटेत होतं म्हणून आले. मंडईत लिंबं घ्यायची होती. तुझ्या वडलांच्या मळ्यातली लिंबं यंदा अगदीच बारीक आहेत. बाळासोला तसं सांगितलं तर तो म्हणाला, “आक्का, लिंबासाठी पुन्याला जाती का तू?” भावांना कधी काय विचारावं याचं भान नसतं.

तर मी आत आले, भिंतीकडेचं दुसरं टेबल घेतलं, दाराकडे तोंड करून बसले आणि पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली. एकटीनं जेवायला जाताना असंच बसायचं, हे तू सात वर्षांची असताना मी तुला शिकवलं आहे. हॉलमध्ये मंडईतले हमाल होते, दोन कारकून होते, एक काळ्या कोटातला वकील होता. कोणी माझ्याकडे वाईट नजरेनं पाहिलं नाही. खरं तर कोणी पाहिलंच नाही, सगळ्यांची नजर ताटात होती. तुमच्याकडे जेवणारी माणसं बोलत नाहीत, हे मी पहिल्या मिनिटाला टिपलं. हॉटेलाची याहून मोठी जाहिरात नसते.

गल्ल्यावरून एक उंच माणूस उठून आला. तुझ्या लग्नाला मी नव्हते, त्यामुळे तुझ्या नवऱ्याला मी पाहिलेलं नव्हतं, पण हाच तो असणार हे कळलं. माझ्याकडे न बघता, फरशीकडे बघत तो म्हणाला, “तुम्ही आत बसा जी. हितं गडीमाणसं हायती.”

मी म्हटलं, “मी जेवायला आले आहे, लाजायला नाही.”

“व्हय. पन आत बसा.”

आणि तो तसाच, खाली मान घालून, माझी पर्स दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन गेला. आता पर्स गेल्यावर बाईला जावंच लागतं. आत प्लायवूडच्या आडोशाला एक टेबल, एक खुर्ची आणि वर हिरवा पडदा. मी बसताच त्यानं पडदा सोडला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तुमच्या त्या फॅमिली रूमबद्दल एवढंच लिहिते की कोपऱ्यात गादीची वळकटी आणि आरशाच्या चौकटीत खोचलेला कंगवा, हे गिऱ्हाइकाला दिसता कामा नये.

प्रगती, मी पुण्यात छत्तीस वर्षं एकटी जेवते आहे. कॅम्पातल्या इराण्याकडे जेवले आहे, तिथे तू कोण, कोणाबरोबर आलीस, हे कोणी विचारत नाही, फक्त चहा सांडला तर नाराज होतात. रास्ता पेठेतल्या उडप्याकडे जेवले आहे, जिथे डोशाची कड पेपरासारखी कुरकुरते आणि मालक स्वतः येऊन चटणी वाढतो. शनिवार पेठेत एका बोळात मिसळ मिळते, ती अकराच्या आत गेलं तरच. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या बाकावर माझ्याशिवाय एक बाई नव्हती, आणि आज तिथे बायकांची रांग असते. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत पडदेवाली खानावळ होती. मालकानं मला आत जा म्हटलं, तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं की पडद्यामागे आमटी जास्त गरम असते का. त्यानं मला खिडकीजवळ बसवलं आणि पुढे तीच माझी जागा झाली. तुला बोट धरून या सगळ्या ठिकाणी मी नेलं आहे. पडदा असलेल्या एकाही हॉटेलात तू माझ्याबरोबर पडद्यामागे बसलेली नाहीस. आणि आता तुझ्याच हॉटेलात मी.

आता जेवणाबद्दल. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण खोटं लिहायची मला सवय नाही. आधी अळणीची, बिनतिखट मटणाच्या पाण्याची, वाटी आली, न मागता. ती प्यायले आणि पुढची दोन मिनिटं मी रागवायचं विसरले. मग काळा रस्सा. बाकीच्या मटणवाल्यांचा रस्सा तेलात पोहत असतो. तुमच्या रश्श्याला फक्त एक पातळ कड होती. खोबरं करपायच्या अगदी अलीकडे थांबवलेलं. तिथे थांबायला हिंमत लागते, बहुतेक लोक घाबरून आधीच उतरवतात. मटण हाडापासून सुटत होतं पण गळत नव्हतं. आणि बाजरीच्या भाकऱ्या एकेक करून येत होत्या, एक संपायच्या आत दुसरी, प्रत्येक फुगलेली, एकीचीही कड फाटलेली नाही. मी तुला ट्रंककॉल लावायला शिकवलं, इंग्रजी पत्र लिहायला शिकवलं. भाकरी मला स्वतःलाच येत नाही. ती तू कुठून शिकलीस?

हा प्रश्न विषयाला सोडून आहे. विषय पडदा आहे. खुलासा पाठव.

रंभा रासकर


दौंड
सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९

प्रगती कोळपे,

मटण हे पत्राचं उत्तर नव्हे.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या विठाबाईची सून, जी पुण्याला नोकरीला रोज अप-डाऊन करते, तिनं माझ्या हातात तीन पुडाचा डबा ठेवला. “प्रगतीताईनं दिलाय, गरम करून खा म्हनली.” त्यात चिठ्ठी नव्हती. मी तिन्ही पूड उघडून पाहिले, झाकणाच्या आतली बाजूही पाहिली. आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या की पत्राला उत्तर पत्रानं द्यावं आणि ते आठवड्याच्या आत द्यावं. डब्याबद्दल सिस्टर काही बोलल्या नव्हत्या, कारण असलं कोणी करील हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

डबा मी धुऊन परत पाठवायचा ठरवला होता. धुवायचा तर रिकामा करावा लागतो. म्हणून जेवले. प्रवासात रस्सा मुरला होता आणि रविवारच्यापेक्षाही चांगला लागला, हे नोंदवते. खालच्या पुडातल्या सुक्या मटणात तू तीळ भाजून घातले आहेत. ते बरोबर केलंस. विठाबाईला मी एक वाटी दिली, तर ती म्हणाली, “अगं बाई, ही पोरगी बँकेत बसली असती तर हे कुनी खाल्लं असतं?” विठाबाईला मी आता वाटी देणार नाही.

बँकेवरून लिहिते. तुझ्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. तू ते परत पाठवून कुरकुंभच्या कंपनीच्या कॅन्टीनमधल्या माणसाशी लग्न केलंस, आणि मी तेव्हा म्हटलं की माझ्या दारात येऊ नकोस. मी तेव्हा बरोबर होते. मटण चांगलं झालं म्हणून मी चूक ठरत नाही. ती वेगळी गोष्ट आहे, ही वेगळी.

डब्यात साखर घातली आहे. डबा रिकामा परत करत नाहीत म्हणून घातली आहे. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

आता तक्रारीचा दुसरा भाग, जो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. काल मी पुन्हा पुण्यात होते. तुलना केल्याशिवाय मत देऊ नये, म्हणून रविवार पेठेतल्या एका जुन्या खानावळीत मटण खाल्लं. खानावळ चांगली आहे. पितळी ताटं आहेत, लिंबू मागावं लागत नाही, आणि वाढणारा म्हातारा ताटाकडे बघून ओळखतो की कोणाला अजून रस्सा हवा. मी तिला मनापासून चांगलं म्हणते. पण खोबऱ्याच्या बाबतीत ते घाबरतात. मग कॅम्पात जाऊन बन-मस्का खाल्ला, तोंडाची चव बदलायला. तिथून स्टेशनला जायचं तर शुक्रवार पेठ वाटेत लागत नाही, असं कोणी म्हणेल. मला पाय मोकळे करायचे होते.

तुमच्या हॉटेलसमोर पानाची टपरी आहे, तिथे मी रस्ता ओलांडण्यासाठी थांबले. वाहनं फार असतात, त्यामुळे बराच वेळ थांबावं लागलं. तुमच्या दारात माणसं उभी होती, आतलं टेबल रिकामं होण्याची वाट बघत. मंडईच्या मागे लोक उभं राहून जेवायची वाट बघतात, हे दृश्य मी या शहरात फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. नुसता रस्सा मागणाऱ्या एका हमालाला तुझ्या नवऱ्यानं वकिलाच्याच टेबलावर बसवलं आणि वकील सरकून बसला. हे पाहून मला बरं वाटलं, ते का वाटलं हे मी अजून ठरवलेलं नाही.

मग दोन नर्सबाया आल्या. पांढऱ्या कपड्यांत, हॉस्पिटलची ड्यूटी संपवून. दोघीच, बरोबर पुरुष नाही. त्या भर हॉलमध्ये दुसऱ्या टेबलावर बसल्या. तेच टेबल, ज्यावरून मला उठवलं. तुझा नवरा त्यांच्यापाशी गेला, हसून बोलला, पाण्याचे ग्लास ठेवले. कोणी त्यांची पर्स उचलली नाही. पडदा वर गुंडाळलेला होता आणि आत कोणीच नव्हतं.

म्हणजे नियम बायकांसाठी नाही. तो फक्त माझ्यासाठी आहे.

पहिल्या पत्रापर्यंत मला वाटत होतं की तुझ्या नवऱ्याची समज जुनी आहे. आता वाटतं की त्यानं मला ओळखलं होतं, आणि ओळखून आत ढकललं. हॉलमध्ये चार माणसांदेखत मी त्याला काही बोलले असते तर बोभाटा झाला असता, म्हणून. असं असेल तर ते तू मला लिहून कळव. आणि तू स्वयंपाकघरात होतीस की नव्हतीस तेही कळव. तिथल्या खिडकीतून भाकरी सरकवणारा एक हात मला पडद्याच्या फटीतून दिसत होता. हात कोणाचा होता?

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी निमोण्याला तुझ्या सासूकडे जाऊन विचारणार आहे. ही धमकी नाही, प्रवासाचा बेत आहे.

रंभा आत्या


दौंड
सोमवार, २२ फेब्रुवारी १९९९

चि. प्रगती,

परवा शनिवारी मी निमोण्याला जाऊन आले. चौफुल्यापर्यंत एस.टी., तिथून न्हावऱ्यापर्यंत दुसरी, आणि पुढे जीपच्या मागच्या बाकावर कोंबड्यांच्या पाटीशेजारी. तुझ्या सासूबाई, सखूबाई, ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, तर त्या उठल्या, हात झाडले, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, “या. लई वरसं लागली यायला.”

मी भांडायला आले होते आणि पहिल्याच वाक्यात मागे पडले.

सखूबाईंनी मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी पडद्याची तक्रार मांडली. वेळ, वार, टेबल, नर्सबाया, सगळं. त्या मिरच्या खुडत ऐकत होत्या. मी संपवल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “जावायानं सासूला गडीमाणसात जेवाय बसवायचं व्हय?”

मी म्हटलं, “मी सासू नाही. मी आत्या आहे.”

“पोरीला वाढीवली कुनी? शाळंत कुनी घातली?”

“मी.”

“मग सासू कोन झालं?”

मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

मग त्यांनी तुमच्याकडची रीत सांगितली. सासूनं जावयासमोर घास घ्यायचा नाही, जावयानं सासू जेवत असताना तोंडासमोर उभं राहायचं नाही, तिला आत बसवायचं, आपलं माणूस म्हणून. तुझ्या नवऱ्यानं, हनुमंतानं, मला बसताक्षणी ओळखलं. फोटोवरून नव्हे, दाराकडे तोंड आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स, यावरून. म्हणजे आपल्या रविवारच्या जेवणांच्या गोष्टी तू त्याला सांगितल्या आहेस. तो आत येऊन तुला म्हणाला, “तुझी आत्या आली,” आणि तू म्हणालीस की लोकांत बसवू नको, घरात बसव.

घरात. ती फॅमिली रूम नाही, हे मला सखूबाईंनी सांगितलं. तुम्ही दोघं तिथे राहता. ती गादी तुमची, आरसा तुमचा, ते टेबल तुमच्या जेवणाचं. पडदा तुम्ही रात्री झोपताना सोडता, आणि दिवसा तो आजवर कोणासाठी सोडलेला नव्हता. मी तुझ्या घरात जेवून आले आणि तुला हॉटेलच्या व्यवस्थेबद्दल दोन पत्रं लिहिली.

मी सखूबाईंना विचारलं की मग तू स्वतः बाहेर का आली नाहीस. त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या. मग तू त्यांना जे सांगितलंस, ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

“ती म्हनली, आत्याला जेवू द्या आधी. मला बघितलं तर ताटावरनं उठंल.”

भाकऱ्या तू केल्यास. त्या दिवशी आचाऱ्याला बाजूला करून सगळ्या तू थापल्यास, एक माझ्या ताटात पोचली की दुसरी तव्यावर. करायला सखूबाईंनीच शिकवलं म्हणे, पहिल्या वर्षी हात भाजून घेत होतीस. मी जेवून उठले, हात धुतले, गल्ल्यापाशी एक शब्द न बोलता निघून गेले, आणि तू खिडकीतून बघत होतीस.

जेवण झाल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. पिठलं, भाकरी आणि तव्यावरचा ठेचा. त्या माझ्याबरोबर बसल्या नाहीत, आधी मी जेवायचं म्हणाल्या. मी म्हटलं, मग मीही जेवत नाही. अशा आम्ही दोघी थोडा वेळ भरल्या ताटाभोवती बसून राहिलो. शेवटी त्या बसल्या. हसल्या आणि म्हणाल्या, “लई खट हायसा तुम्ही. पोरगी सांगत हुती तशाच.” निघताना त्यांनी माझ्या पिशवीत मसाल्याची पुडी घातली. तुमच्या हॉटेलचा सगळा मसाला त्याच ओट्यावर कांडला जातो, हे मला आता कळलं. पुण्यातल्या इतक्या पेठांमधून मी जे शोधत फिरले, ते न्हावऱ्याच्या पुढे जीपनं जायच्या अंतरावर होतं. बाई मोठी आहे. तू योग्य घरात पडलीस, हे मी लिहून देते.

पण तक्रार मी मागे घेतलेली नाही.

मला मान दिलात, हे कळलं. तो खरा होता, हेही कळलं. सखूबाईंकडून परत येताना सगळ्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होते आणि जीपमध्ये डोळ्यांत धूळ गेली होती. तरीही मला न विचारता दिलेला मान मला चालत नाही. जो मान मला हॉलमधून उठवतो आणि तुला चुलीपाशी कोंडून ठेवतो, तो तर मुळीच नाही. त्या पडद्याच्या एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला तू, आणि मधून फक्त भाकऱ्या गेल्या. असं सहा वर्षं झालंच आहे. त्याला आणखी कापड नको.

म्हणून माझ्या अटी लिहिते.

रविवार, १४ मार्च रोजी दुपारी मी तुमच्या हॉटेलात येईन आणि भिंतीकडेच्या दुसऱ्या टेबलावर बसेन. नर्सबाया आल्या तर त्यांनी शेजारच्या टेबलावर बसावं. हनुमंतरावांनी माझ्यासमोर येऊन, मान वर करून, माझ्याकडे बघून बोलावं. निमोण्याची रीत निमोण्यात पाळू, तिथे मी पदर घेईन. शुक्रवार पेठेत माझी रीत. आचाऱ्यानं भाकऱ्या कराव्यात, कड फाटली तरी चालेल. तू हात धुऊन बाहेर यायचं, ज्या खुर्चीवरून मी पर्स उचलून घेईन तिच्यावर बसायचं, आणि माझ्याबरोबर जेवायचं. वाढायचं नाही, उठायचं नाही, मला आग्रह करायचा नाही. मीही ताटावरून उठणार नाही. हे मी आधी लिहून देत आहे, म्हणजे नंतर तुला शंका नको.

बँकेचा विषय त्या दिवशी कोणी काढायचा नाही. मी काढला तर तू मला आठवण कर.

हे मान्य आहे की नाही, एवढंच लिही. ‘हो’ असेल तर एक शब्द पुरे. ‘नाही’ असेल तर कारण लिही, मी वाचेन. डबा पाठवू नकोस, निरोप पाठवू नकोस, विठाबाईच्या सुनेजवळ काही सांगू नकोस. ती सगळ्या गल्लीला सांगते. सोबत लिफाफा ठेवला आहे. त्यावर माझा पत्ता मी घातला आहे, पिनकोड घातला आहे, तिकीट लावलं आहे आणि आत कोरा कागदही आहे. मंडईच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलास तरी चालेल, फक्त पेटी उघडायला येतात त्याच्या आधी टाक.

तुझं लेखी उत्तर शनिवार, १३ मार्च १९९९ रोजी, पोस्टमन आमच्या गल्लीतून जाण्यापूर्वी माझ्या हातात पडलं पाहिजे. त्या दिवशी मी घरीच आहे. आदल्या दिवशीही आहे.

तुझी आत्या,
रंभा